कच्चं लिंबू

वकीलबाई प्रोबर्ट म्हणाल्या, घरी न्या,
आधी पेन्सिलीनं भरा.
सही नको. तारीख तर नकोच.
शाई लागली की कागद वेगळा होतो.

स्वान्सीच्या त्या चढावर, वाऱ्यात,
फॉर्म कोटाच्या आत धरून चालताना
माझं विचारायचं राहिलंच,
की मग हे भरणं म्हणजे नेमकं काय करणं?
भरलेलं, पण न केलेलं.

हेरंबनं टेबलावरचे टोस्टचे कण पुसले,
पेन्सिलीला टोक काढलं,
'मी'च्या चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं.
आडनावातलं एक अक्षर गळलं.
खोडरबर माझ्या हातात होतं.
मी थांबले थोडी.

'माझ्या वतीनं निर्णय घेणारी व्यक्ती': इथं मी.
माझी जन्मतारीख त्यानं न विचारता बरोबर घातली,
तेव्हा वाटलं, कशाला हवाय हा फॉर्म.

जगवणारे उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे,
हे ठरवायचा हक्क तिला द्यावा: अ.
देऊ नये: ब.
त्यानं दोन्हींवर फिकट खूण केली.
म्हणाला, ड्राफ्टच आहे ना?

साक्षीदार म्हणून शेजारचा गॅरेथ चालेल.
मी चालत नाही.

पुढं 'सूचना' आणि 'इच्छा', दोन चौकटी.
सूचना पाळावीच लागते,
इच्छा नुसती ध्यानात ठेवायची.
सूचनेत त्यानं लिहिलं:
चहात दोन चमचे साखर, ती काहीही म्हणो.
फोनवर वकीलबाई म्हणाल्या, हे इच्छेत टाका.
मी बाण काढला.

त्याचं त्यालाच हसू आलं.
"कच्चं लिंबू," म्हणाला, कागदाकडे बोट करून.

किती वर्षांनी ऐकला हा शब्द.
मोठ्यांच्या खेळात घेतलेलं धाकटं पोर,
पळतं, लपतं, सगळ्यांत जास्त ओरडतं,
सापडलं तरी बाद नाही,
त्याच्यावर राज्य येत नाही.

गुरुवारी अकरा वाजता शाई.
आधी त्याची सही, लगेच गॅरेथची,
मग प्रमाणपत्र देणाऱ्या बाईंची,
सगळ्यांत शेवटी माझी.
क्रम चुकला तर फॉर्म परत येतो.

आणि मग राज्य माझ्यावर.
भिंतीकडं तोंड करून डोळे मिटायचे,
आकडे म्हणायचे,
आणि तो जिथं कुठं लपला असेल
तिथून त्याला
नावानं हुडकून काढायचं.

आज मंगळवारच आहे पण.
चहा टाकते.
दोन चमचे.