सतरा अंश

गॉटलंड म्हणजे मुळात एक चुनखडीचा दगड.
मेंढ्या, चर्च, आम्ही, हे सगळं नंतर आलेलं.
इथलं पाणी जड आहे हे सांगायला माझी गरज नाही,
तरी लोक बोलावतात.
मी बूट दारात काढतो, नळाखाली काचेची नळी धरतो,
थेंब थेंब औषध सोडतो आणि मोजतो.
लालाचं हिरवं झालं की थांबायचं.
गुनव्होरबाईंकडे ते सतराव्या थेंबाला झालं.

"सतरा म्हणजे वाईट का?"
सतरा म्हणजे किटलीत पापुद्रे,
शॉवरच्या भोकांना पांढरी दाढी,
आणि दोरीवरून काढलेला टॉवेल
कोपऱ्यात उभा केला तर उभा राहील.
दुखणं म्हणावं असं काही नाही.

"मुलीनं स्टॉकहोमहून पैसे पाठवलेत," त्या म्हणाल्या,
"उन्हाळ्यात नातू आला की अंग खाजवतो."

माझ्या पिशवीत दोन पत्रकं असतात,
एक पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं, एक गाळणीचं.
लोकांना दोन्ही एकच वाटतात.
गाळणी काढून घेते, गप्प बसते.
यंत्र मात्र व्यापारी: चुना घेणार, सोडियम देणार,
वर तळघरात बसून पोत्यानं मीठ खाणार.
म्हणून मी आधी विचारतो,
मुलीचं राहू दे, तुम्हाला काय खुपतंय?

खिडकीबाहेर बघत बराच वेळ विचार करून
त्या म्हणाल्या, "वाटाणे."
गुरुवारी पिवळ्या वाटाण्यांचं सूप, सगळा देशच करतो.
रात्रभर भिजवायचे, तीन तास उकळायचे,
तरी दाताखाली कचकच.
"आरोन म्हणायचा, छान झालंय.
चाळीस वर्षं खोटं बोलला बिचारा."

यंत्र विकणाऱ्याची डाळ
त्या दिवशी तिथं सहज शिजली असती.

पण पंप बघायला कपाट उघडलं
तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं आकडे,
आरोनचे, एकाखाली एक,
दर सप्टेंबरचं क्लोराइड:
अडतीस, एक्केचाळीस, साठ, पंच्याण्णव.
पुढं तीन वर्षं कोरं लाकूड.
मी पट्टी बुडवली.
दोनशे दहा.

वरच्या टेकाडावर नवी उन्हाळी घरं झाली आहेत,
प्रत्येकाला टब, प्रत्येकाला हिरवळ, प्रत्येकाची बोअर.
गोडं पाणी वरून उपसलं जातंय
आणि खालून खारं येतंय,
मांजर स्वयंपाकघरात येतं तसं.
"चव लागत नाही का?" मी विचारलं.
त्या थबकल्या.
"हल्ली सूपात मीठ कमी घालते मी.
म्हटलं, वय झालं."

मग मी दोन्ही पत्रकं परत पिशवीत ठेवली.
खाऱ्या विहिरीला मिठाचं यंत्र कशाला?
साध्या गाळणीतून समुद्र गाळला जात नाही.
तिसरी एक वस्तू असते, बारीक पडद्याची,
सिंकखाली बसते, पिण्यापुरतं देते.
पण आधी बाटली प्रयोगशाळेत जाऊ दे, कागद येऊ दे.
पंप हळू चालवा. टेकाडावरच्यांना गाठा, एकटीनं नको.
नातवाची खाज डॉक्टरला दाखवा,
लगेच चुन्याच्या माथी मारू नका.
आणि वाटाणे भिजवताना चिमूटभर सोडा टाका.

"एवढंच? सोडा?"
त्या पहिल्यांदा चिडल्या,
माझ्यावर की चाळीस वर्षांवर, कळलं नाही.
ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं,
पंच्याण्णवच्या खाली थोडी जागा सोडून
दोनशे दहा लिहिलं.
अक्षर आरोनपेक्षा मोठं. लाकडात रुतलेलं.

तपासणीचे चारशे क्रोना होतात.
त्यांनी घासाघीस केली.
मी साडेतीनशेवर आलो, वर कॉफी घेतली.
कॉफी चांगली होती.
शपथेवर सांगतो, किंचित खारट.