लाभ

अप्पा जालन्याच्या जुन्या मोंढ्यात मापाडी होते.
पहिलं पोतं काट्यावर चढलं
की 'एक' नाही म्हणायचे. म्हणायचे, 'लाभ'.
मग दोन, तीन, चार,
हमालांच्या पाठी त्या आवाजावर वाकत जायच्या.
घरी भाकरीसुद्धा तशीच मोजली जायची.
आईच्या ताटात लाभ कधी पडला नाही.

मोंढा गावाबाहेर गेला.
जिनिंग त्याच्या आधीच बंद पडलेली.
वीस वर्षं गल्लीत वेडी बाभूळ तेवढी वाढली,
प्रेसच्या चिमणीत पिंपळ,
आणि दिवेलागण झाली
की आम्ही मुली कुंडलिकेच्या पुलावरून
लांबचा रस्ता धरायचो.
हे मुद्दाम सांगते,
कारण आता लोक येऊन फार हळहळतात.

तिथं हॉटेल झालं, पाच मजली,
मागे फ्लॅटच्या दोन इमारती,
कपाशी ए आणि कपाशी बी.
चिमणी ठेवलीय, खालून तिच्यावर निळा उजेड.
सुभान हमालाचा नातू गेटवर सलाम ठोकतो,
टोपी त्याच्या कानांवर उतरते.
गल्लीत दिवे आले, पाणीपुरीची गाडी आली.
रात्री नऊला मी एकटी चालत घरी येते,
आणि खरं विचाराल तर
मला हे सगळं आवडतं.

मी सॅम्पल फ्लॅट दाखवते.
टोपलीत प्लास्टिकची सीताफळं,
फळीवर पुस्तकांच्या नुसत्या पाठी,
नळ खरा, पण त्याला पाणी नाही.
(तसं ते आम्हालाही आठव्या दिवशीच येतं.)

एका मंगळवारी मी डबा विसरले
तर अप्पा घेऊन आले.
चपला लिफ्टपाशीच काढल्या.
भिंतीला टाच लावली
आणि पावलाला पाऊल चिकटवत निघाले,
हॉल, किचन, बेडरूम, बाल्कनीच्या दारापर्यंत,
ओठ हलत होते.
'किती सांगायलीस लोकायला?'
'साडेसहाशे.'
'आशामती, हे पोतं भरत नाही.'

सुपर बिल्टअप, मी म्हणाले.
जिना, लिफ्ट, लॉबी, सगळं त्यात धरतात.
'म्हंजे काट्यावर बोट.'
'सगळेच धरतात, अप्पा.'
'हां. तवाबी सगळेच धरायचे.'
डबा त्यांनी ओट्यावर ठेवला.
त्या काळ्या चकचकीत ओट्यावर
पहिल्यांदाच काही खायचं आलं,
आणि मेथीचा वास
साडेसहाशेच्या साडेसहाशे फुटांत भरून राहिला.

रविवारी परतूरहून जोडपं आलं.
ती अंगणवाडीत, तो लाइनमन,
बोटांना काळ्या टेपचा चिकटा.
तिनं नळ सोडून पाहिला,
एक पुस्तक ओढून पाहिलं, सगळी ओळच हातात आली,
तशी हसली.
त्यानं विचारलं, साडेसहाशे ना, नक्की?
साहेब बाहेर फोनवर होते.
मी ब्रोशर मिटलं.
'पुढच्या वेळी मोजायची टेप घेऊन या,' म्हणाले,
आणि नाणं पडल्यासारखी
फरशीकडे बघत राहिले.

ते परत आले नाहीत.
किंवा आले असतील माझ्या सुट्टीच्या दिवशी.
हजेरीपटावर माझं नाव अजून आहे.

काल कपाशी ए-मध्ये पहिलं कुटुंब राहायला आलं.
गाद्या, कूलर, एक तुळस, एक सायकल.
रात्री अप्पा आणि मी
जिथं काटा होता त्या कठड्यावर बसलो.
सबंध इमारत काळी,
चौथ्या मजल्यावर एक खिडकी पिवळी.
'लाभ,' अप्पा म्हणाले.

मी दोनची वाट पाहिली.
वर कुणीतरी नवं बटण दाबून पाहत होतं,
दिवा गेला, आला,
गेला, आला.
अप्पांनी तो एकदाच धरला.