वार, दोनशे ऐंशी ग्रॅम

नळाखाली धुतली, ट्रेमध्ये पसरली.
काट्यावरचा आकडा आधी थरथरत राहिला,
मग थांबला. दोनशे ऐंशी.
साडेचारशे तरी हवी होती.
कडेला पांढरे, टणक डाग,
पॉवरलूमवर धोटा चुकला की
चादरीत नुसता ताणा उरतो, तसे.
माझे वडील अशा जागेवर खडूनं फुली मारायचे.
मी रजिस्टरमध्ये लिहिते.

अनसूया वडनाल. वय तेवीस. राहणार विडी घरकुल.
धंद्याच्या रकान्यात मी गृहिणी लिहिलं होतं,
तिनं खोडायला लावलं.
"हजार वळते, सिस्टर. दिवसाला."

मुलगी सोळाशे. आत, काचेत, दिव्याखाली.
डोकं पुरतं. पोट खपाटीला.
कातडी अशी सैल
की थोरल्या बहिणीचा झगा घालून आलीय.

बाहेर बाकावर सासू, रत्नव्वा,
येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती:
खाल्लंच नाही हिनं.
गूळ दिला, शेंगा दिल्या,
सगळं मोरीत.

मी तिच्या शेजारी बसले.
सोलापुरात पाण्याचं सांगितलं की कळतं, म्हणून पाण्याचं सांगितलं.
धरण भरलेलं असतं, मावशी,
तरी आपल्याकडे चार दिवसांआड नळ.
दर वेळी धरणाला शिव्या देऊन कसं चालेल?
मधे पाईप असतो.
ही वार म्हणजे पोरीची टाकी, चूल आणि मोरी,
तिचा श्वाससुद्धा हिच्यातूनच.
हिनं चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत
आईच्या शिरांचे बोळ रुंद करून घ्यायचे असतात.
इथं काम अर्धवट राहिलं.
का, ते विचारू नका.
तंबाखूची धूळ असेल, रक्तदाब असेल,
कधी काहीच सापडत नाही.
सोनोग्राफीत दिसत होतं,
नाळेतलं रक्त दोन ठोक्यांच्या मधे थांबायचं,
पाणी जाताना नळ नुसती हवा सोडतो ना, तसं.

मग पोरीनं काय केलं?
तुम्ही करता तेच.
आधी पिण्याचं भरलं.
डोक्याला दिलं, काळजाला दिलं.
धुणं-भांडी, हातपाय, पोट,
बघू नंतर.

रत्नव्वानं पदरानं नाक पुसलं.
"आमच्यात हिला माय म्हणतात," ती म्हणाली.
तेलुगू शब्द. वारेचा.
माझ्या मराठी कानाला दुसराच ऐकू आला
आणि मी तो दुरुस्त केला नाही.

संध्याकाळी अनसूयेनं विचारलं, बघू देता का.
नियमात आहे की नाही, मला माहीत नाही.
एक तुकडा बाटलीत तपासणीला गेला होता,
बाकीची पिवळ्या पिशवीत जायची होती.
मी ट्रे आणला.

तिनं बघितलं
कारखान्यात तपासनीस विड्यांचा कट्टा बघतो तसं.
उलटून. पुन्हा सुलटं करून.
बोटानं न शिवता डाग मोजले.
"आमच्याकडे ही छाटीत गेली असती," ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
वॉर्डातला पंखा फिरत होता, हवा गरमच.
"पस्तीस आठवडे ओढलं की पण हिनं.
एवढ्याशा जिवावर."

मी ट्रे झाकला.
रत्नव्वा घागरींच्या काळजीनं घरी निघाली,
आज त्यांच्याकडे पाणी, रात्री अडीचला.
जाताना सुनेच्या उशाशी
गूळ-शेंगांची पुडी ठेवून गेली.
काही बोलली नाही.

आत, काचेत, नाकातल्या नळीतून
दर दोन तासांनी चार मिली दूध.
आता पुष्कळ आहे, तुटवडा नाही,
पण हे पोरीला कोण सांगणार.
पहिला थेंब तिनं
सवयीनं डोक्याकडेच पाठवला असेल.