नोप्पी

साखर पेठेत, टॉवेलच्या गोदामाच्या वर,
बाराव्या पायरीला गुडघा नको म्हणतो
तिथं कुरापाटींच्या श्रीलताची खोली.
लांबून कुठून तरी शिकून आली ही विद्या.
ऑस्टिओपथी.
पाटी दोनदा रंगवून घेतली,
रंगारी दोन्हीदा एक वेलांटी विसरला.

विचारलं, इंजेक्शन देतेस?
नाही मावशी.
गोळी?
नाही.
मग पैसे कशाचे घेतेस गं?
हसली, आणि हात धुवायला उठली.

बाकावर आम्ही पाचजण.
एक कंडक्टर, कंबर धरून.
शिवणकामाची एक पोर, डोकं दुखतं म्हणाली.
टॉवेलच्या मागावरचे दुडम, त्यांचा खांदा
अजून शटलच्या तालावर उडतो, माग बंद होऊन वर्ष झालं तरी.
आणि एक यादगिरी, त्याचे पाय बधिर,
लघवी कळेना झालेली दोन दिवस.
त्याला तिनं टेबलावर घेतलंच नाही.
रिक्षा बोलावली, चिठ्ठी लिहिली,
आत्ता सिव्हिलला, म्हणाली, जेवायला घरी जायचं नाही.
तेव्हा मला हिचा भरवसा वाटला.

माझी पाळी आली.
मान दुखलालीय, म्हटलं.
चाळीस वर्षं मांडीवर सूप.
पान कापा, तंबाखू घाला, वळा, दोरा बांधा,
रोजच्या हजार.
चेकर छाट काढतो, छाटीचे पैसे नाहीत.
मानेची छाट कुणाकडं टाकायची?

तिनं मानेला बोटही लावलं नाही.
उजवा घोटा धरला,
इकडं वळवला, तिकडं अडला.
इथं कधी पडला होतात?

कुठली पडते मी, म्हटलं,
आणि मग पाळणा दिसला.
गड्ड्याची जत्रा, धाकटा कडेवर,
उतरताना लेकरू वर धरलं, पाय खाली मुडपला.
हळद लावली. दुसऱ्या दिवशी हजार पुऱ्या केल्या.
तेव्हापासून म्हणे मी डावीकडं बसते,
कंबर तिला सावरते,
कंबरेला पाठ,
आणि सगळ्यांचं ओझं मान उचलते.

खरं असेल. नसेलही. सगळंच काही
घोट्यातनं येत नाही, ती स्वतःच म्हणाली.
पण माझा माणूस मागावर होता, एवढं मला कळतं :
बीमवर एक धागा इकडं ताणला
की चोळ तिकडं पडते, चादरीच्या काठाला.
काठावर इस्त्री फिरवून काय होणार.

मग तिचे हात बरगड्यांखाली.
दाबणं म्हणावं तर दाबणं नव्हतं,
भाकरी फुगते का बघताना
तव्यावर बोटं टेकवतो तसं.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, पंखा कुरकुरत होता.
मेल्लगा, म्हणाली, मेल्लगा ऊपिरि.
माझ्या आईनंतर
श्वास घे असं मला कुणी सांगितलं नव्हतं.
मराठीत मी दुखतं म्हणते, दवाखान्यात, कारखान्यात,
पंचवीस माणसांसमोर म्हणते.
तिथं तोंडातनं आलं, नोप्पी.
तेवढंच. आणि डोळ्यांतलं पाणी
कानात गेलं, कारण मी उताणी होते.

बरी झाले का?
शेजारची रोज विचारते.
पहिल्या रात्री उलट जास्तच ठणकलं.
तिसऱ्या दिवशी मागं वळून बघितलं,
कुकर वाजला म्हणून, सहज,
आणि वळल्यावर लक्षात आलं की वळले.
आठशे बिड्यांपर्यंत आता मान गप्प असते.
नऊशेला बोलते.
दर दोनशेला उठ, नळापर्यंत जाऊन ये, असं सांगितलंय,
तर आमच्या गल्लीला वाटतं
मला मधुमेह झाला.

परवा शेंगाचटणी घेऊन गेले तिच्याकडं.
डबा घेताना तिनं अंगठा आखडून घेतला.
दाखव, म्हटलं.
मुळाशी सूज, माझ्यासारखीच, उजव्याच हाताला.
तुझं कोण बघतं गं?
बाकावर सातजण होते. ती म्हणाली, पुढचे या.