दार नसलेल्यांसाठी काटकोन

उद्यमनगरातली शेवटची लेथ बंद झाली
की माझी शाळा भरते.
ओट्यावर पाट, पाटावर तांदळाचा डबा,
डब्याला टेकून फोन.
खिडकीवर वाकळ टांगलीय
आवाज घुमू नये म्हणून.

‘मुलांनो, आज आपण कोन शिकणार’
नऊ वेळा म्हणून झालं.
दहाव्यांदा फ्रिज गुरगुरला, प्लग काढला.
अकराव्यांदा गल्लीतून दोन बुलेट गेल्या,
गंगावेशीत दूध प्यायला निघाले असतील.
बाराव्यांदा माझीच जीभ लघुकोनाला अडखळली.

एकवीस वर्षं फळ्याकडे तोंड करून बोलले
तरी पाठीला कळायचं कोण कुठे हरवलंय.
ही काच काळी. मान हलवत नाही.
हिच्यातून पेन्सिल पडत नाही कुणाची,
‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ नाही.

मगदूम सर मिटिंगमध्ये म्हणाले,
घरी ऐकायचं, शाळेत करायचं,
भाकरीसुद्धा उलटल्याशिवाय फुगत नाही.
सगळे हसले. मीही.
सरांनी आयुष्यात भाकरी केलेली नाही.

परवा रणवीर चौगलेचा निरोप आला,
मागे भट्टीची घरघर:
‘बाई, डिस्प्ले गेलाय. नुस्ता आवाज येतोय.
कोन काय दिसंना झालेत.’

रंगीत खडूनं काढलेले माझे तेवीस कोन
पुसून टाकले.
फोन पालथा ठेवला.
न दिसणारी गोष्ट कुठून धरून सांगायची?
बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले.
मग म्हणाले:

ऊठ. दाराशी जा. दार लावून घे. हे शून्य.
आता मांजर आत येईल एवढंच उघड.
हा लघुकोन.
अजून. दार चौकटीला सरळ आडवं गेलं? थांब. काटकोन.
पाव्हणे आल्यावर उघडतो तसं उघड. विशालकोन.
आता मी गप्प बसते.
तू दार हलवून बघ.

आणि खरंच गप्प बसले, पन्नास सेकंद.
वर्गात मला हे कधीच जमलं नव्हतं.
मध्ये गुरख्याची काठी वाजली.
ती कापली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात निशात बागवान आधी उठली:
‘बाई, आमचं दार आत उघडतंय,
मग कोन घरातला का रस्त्यावरचा?’
यावर वीस मिनिटं भांडण.
मी खुर्चीत. खडू हातातच.

रणवीर बोलेना.
विचारलं तर म्हणाला,
‘आमच्यात दार न्हाई. पडदा हाय.’

कुणी हसलं नाही. माझे कान तापले.
त्यानं दप्तरातून सांडशी काढली,
पप्पांची, भट्टीवरची, टोकाला जळकी,
आणि बाकावर ठेवून हळूहळू उघडली.
‘ह्यो बारका. ह्यो काटकोन.
ह्याच्या म्होरं गेली की माल निसटतोय, बाई.
पप्पा म्हणत्यात, एवढीच फाकव.’

चौतीस डोकी त्या बाकावर वाकली.
कुणीतरी कंपास आणला. कोनमापक लावला.
सत्त्याऐंशी.
‘तीन कमी हायेत,’ निशात म्हणाली.
‘खिळा सैल हाय,’ तो म्हणाला.

आज लेथ अजून चालू आहे. असू दे.
रेकॉर्डचं बटण दाबलंय.
माझी सांडशी ओट्याशेजारच्या खिळ्यालाच होती,
इतकी वर्षं, हाताला येईल अशी.
ती काढते, आणि फोनला विचारते:
सांगा, तुमच्या घरात
काय काय उघडतं?