एकास बारा

आमच्याकडे मुलाला आधी माप शिकवतात, आडनाव नंतर.
एकास बारा.
दार वीतभर, टेबल चार बोटं,
चमचा गव्हाचे दोन दाणे लांब.
माणसाचं माप कुणी सांगितलं नाही.
आम्ही फक्त फर्निचर करायचो.

पणजोबा ट्राउगोट मूळचे खाणीतले.
कथील संपलं, डोंगर उरला, पोटंही उरली.
ओढ्यावरचं चाक त्यांनी कातकामाला जुंपलं.
घर म्हणजे एक खोली. तिच्यात आठ माणसं,
सरसाचं भांडं, थंडीपुरती एक शेळी,
आणि भिंतीकडेला सुकत ठेवलेले
छत्तीस दिवाणखाने.
पियानो कुणी पाहिला नव्हता.
लायप्झिगच्या व्यापाऱ्यानं पाकिटामागे काढून दिला,
लीडी पणजीनं पट्ट्या रंगवल्या,
काळ्या जरा जास्तच झाल्या.
दहा वर्षं तसेच पियानो बोटीनं जात राहिले
आणि एकाही मुलीची तक्रार आली नाही.

पैसे डझनावर.
डझनभर खुर्च्यांचे पाय अठ्ठेचाळीस.
शाळेत मास्तरांनी विचारलं, बारा चोक किती?
आजोबा म्हणाले, अर्धा पाव.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात रानाची वाट बुजली.
एका रात्री आजीनं चुलीत घातल्या
जेवणाच्या दोन डझन खुर्च्या,
मग सहा कपाटं, आरशांसकट,
मग एक अख्खी बाळंतिणीची खोली.
पाणी कोमट झालं.
"आयुष्याचं काम जाळलं," ती सांगायची,
"आणि बटाटा कच्चाच."

आजोबांचा धाकटा भाऊ आर्नो
त्रेपन्न साली पलीकडे गेला, नमुन्यांची वही घेऊन.
त्याची जागा आजोबांनी तशीच मोकळी ठेवली,
असं सांगायला बरं वाटलं असतं.
दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिथं करवत बसवली.

बहात्तरच्या एप्रिलात दोन माणसं आली,
कातडी बॅग, ओले कोट, बोलणं अगदी मऊ.
संध्याकाळपर्यंत दारावरची पाटी बदलली.
बाबा स्वतःच्याच कारखान्यात आधी विभागप्रमुख झाले,
मग हजेरीपटावरचे सोळा नंबर.
बाहुल्यांच्या घरात त्यांनी टीव्ही आणला
आमच्या घरात येण्याआधी दोन वर्षं.
त्याच्या काचेवर निळा फराटा.
काय लागलंय, मी विचारायचे.
"हवामान," ते म्हणायचे. आवाज हळू.

नव्वदनंतर सगळं परत मिळालं:
गंजलेली यंत्रं, नवं कर्ज,
आणि बाजारात दूरदेशीचे पलंग
आमच्या सरसाच्या भावात.
आता मी आणि माझा भाऊ गेरो. दोघंच.
शनिवारी शाळेची मुलं बघायला येतात,
हात लावू नका, असं मी सांगत नाही.

परवा बांबेर्गहून एक बाई आल्या.
काडेपेटीत कापूस, कापसात तीन पायांची खुर्ची.
आजीची, म्हणाल्या. तुमच्याकडचीच ना?
उलटी करून पाहिली.
लाकूड आमचं नव्हतं. रंगही पलीकडचा, चकचकीत.
नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दिसलं,
पाठीच्या कमानीवर पटाशी शेवटी
डावीकडे निसटलेली. केसाएवढी.
आर्नो डावखुरा, आजोबा सांगायचे,
शेजारी बसलं की कोपरं भांडायची.
वही नेली, हे ते मरेपर्यंत म्हणाले.
कोपर नेलं, हे एकदाही नाही.

बाईंना मी यातलं काही सांगितलं नाही.
पाय कातला. तीनदा कातला,
कारण त्याचे तीन पाय किंचित बाहेर झुकलेले
आणि माझा सरळच येत होता.
पावती फाडली: पाय एक, बीच, चार युरो.
दारातून त्यांनी पुन्हा विचारलं, तुमचीच ना मग?
"घरातली," मी म्हटलं.

गेरोनं मान वर केली नाही.
आर्नोच्या जागेवरची करवत
थोडा वेळ बंद होती.