ईस्टबोर्नहून, गणूच्या पायाबद्दल

जुन्या बाजारात, बुधवारी,
पितळी तोट्यांच्या ढिगाखालून इस्माईलनं
एक पोस्टकार्ड काढलं. म्हणाला, तुमच्या कामाचं.
माझ्या कामाचं काय, हे त्याला माझ्याआधी कळतं.
पंधरा रुपये.

चित्रात समुद्र. खाली छापलंय, ईस्टबोर्न.
कापडी खुर्च्यांत माणसं ओळीनं बसलेली,
अंगात कोट, पायांत बूट, पाण्याकडे तोंड,
दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी.
आणि एक लांब लाकडी पूल
समुद्रात शिरतो, कुठेच पोचत नाही.
भिंग लावून पाहिलं. खरंच नाही पोचत.
टोकाला एक घुमट, तिथवर जायचं, परत यायचं.
सगळं जग पालथं घातलेल्यांना
सुट्टीत असला पूल का लागावा?

मी मीटर वाचायचो. कॅम्प, घोरपडी, वानवडी,
एकतीस वर्षं.
साहेबांचे बंगले मला मागच्या व्हरांड्यापुरतेच ठाऊक.
धनमाय बाटलीवाला पाणी द्यायची, वर माहिती:
कपात दूध आधी की चहा, यावरून तिकडे घराणं ओळखतात.
गर्दीत पाय तुडवला गेला, तर सॉरी तो म्हणतो
ज्याचा पाय.
घरी येऊन शालनला सांगितलं.
ती म्हणाली, दोन्ही एकत्रच उकळायचं असतं,
त्यांना कुणी सांगितलं नाही का?

कार्डामागे विटकी शाई. शिक्का चौतीस सालचा.
घोरपडी, पूना. आडनाव कसरीनं खाल्लेलं.
मजकूर पाच ओळी. त्यातल्या चार हवेवर:
ढग, वारा, पुन्हा ढग, उद्या बहुधा वारा.
पाचवी ओळ:
गुन्नूचा पाय कसा आहे?

दोन एन, दोन ओ. म्हणजे गणू?
की गेनू? की गुणा?
खडकीच्या लढाईची तारीख मला पाठ आहे,
कुणाच्या तोफा, नदी कुणी कुठे ओलांडली.
गणूच्या पायाचं कुठल्याच पुस्तकात नाही.
काय झालं होतं? खिळा? विंचू? घोड्याची टाप?
बाईला तो समुद्रापलीकडून आठवला.
पगार किती द्यायची, ते लिहिलेलं नाही.
मला राग यायला हवा. निघतोही,
पण वाटेत तो पाय आडवा येतो.

माझ्या आजोबांचं नाव गणू नव्हतं.
आत्याला फोन करून खात्री केली.
ती म्हणाली, छे, रखमाजी.
मग थोडं थांबून म्हणाली,
पण कामावर त्यांना काय हाक मारायचे, कोण जाणे.

रविवारी घोरपडीला गेलो.
बंगल्यात आता टायरचं गोदाम.
धुराडं शाबूत, त्यातून पिंपळ आलेला.
मीटर अजून मागेच. आकडा वाचला, सवयीनं.
वॉचमन म्हणाला, कोण पाहिजे?
तोंडातून निघून गेलं: गणू.
जेवायला गेलाय, म्हणाला तो, येईल अर्ध्या तासात.
बसा.

प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, तीन, ओळीनं.
मी बसलो. रस्त्याकडे तोंड करून.
आभाळ भरलेलं होतं. थोडा वारा.